चाटती आग

लॅम्बंट हा इंग्रजी शब्द बीड जिल्ह्यात कुणाला लागत नाही. इंग्लंडातही रोजच्या व्यवहारात तो कुणाला लागत असेल असं मला वाटत नाही. माझी सारी नोकरी माजलगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात गेली, निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, पण हा शब्द तोंडानं बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. तो भेटतो पुस्तकात, आणि तिथंही क्वचित. परवा एका जाडजूड इंग्रजी कादंबरीत तीनशे पानं उलटल्यावर भेटला. एक बाई शेकोटीजवळ बसली आहे आणि तिच्या गालावरचा उजेड लॅम्बंट आहे, एवढंच ते वाक्य. मी पुस्तक उपडं ठेवलं आणि बायकोला म्हणालो, चहा टाक. ती म्हणाली, आता काय झालं? म्हटलं, काही नाही, जुना शब्द भेटला. तिनं मुकाट्यानं चहा टाकला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला अशा उत्तरांची सवय झाली आहे.

ह्या शब्दाचे माझ्यावर उपकार आहेत. खरं तर शब्दाचे नाहीत, ज्या दोघांनी तो मला शिकवला त्यांचे आहेत. एक होते गावातले कल्हईवाले आणि दुसरी त्यांची बारावीतली मुलगी, माझीच विद्यार्थिनी. त्याआधी वीसेक वर्षं मी हा शब्द चुकीचा शिकवत होतो, आणि तो चुकीचा शिकवतानाही छाती पुढं काढून शिकवत होतो. हे सगळं एकदा लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. परवाच्या चहानंतर वही घेऊन बसलो.

चुकीचं मूळ एका जुन्या वहीत होतं. मी तेलगावच्या बाजूच्या खेड्यातला. आमच्या शाळेत इंग्रजीचे एक गुरुजी होते. पंचक्रोशीत इंग्रजी पेपर वाचू शकणारा तो एकटा माणूस. त्यांच्याजवळ शब्दार्थाची एक वही होती, खाकी कव्हर घातलेली, दोन बोटं जाड. डावीकडं इंग्रजी शब्द आणि उजवीकडं मराठी अर्थ, तोही एकच. शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो हे त्या वहीला मान्यच नव्हतं. ज्याला पुढं इंग्रजी घ्यायचं असेल त्यानं ती वही उतरवून घ्यायची, अशी आमच्याकडची पद्धत होती. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गुरुजींच्या ओट्यावर बसून ती उतरवली. माझ्या आधीच्यांनी उतरवली होती, नंतरच्यांनीही उतरवली, आणि आम्ही सगळे यथावकाश मास्तर झालो. मग आमच्या वह्या आमच्या विद्यार्थ्यांनी उतरवल्या. माजलगाव, धारूर, वडवणी, कुठंही इंग्रजीचा मास्तर भेटला आणि बोलता बोलता एखादा अवघड शब्द निघाला, की तो वहीतला अर्थ जसाच्या तसा म्हणून दाखवायचा आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसायचो. भाऊबंद भेटल्याचा आनंद व्हायचा.

त्या वहीत लॅम्बंटपुढं लिहिलं होतं, 'प्रखर'.

गुरुजींनी तो अर्थ कुठून आणला असेल ते मला आता कळतं. हा शब्द बहुतेक वेळा ज्योतीच्या नाहीतर ज्वाळेच्या शेजारी येतो. गुरुजींजवळ मोठी डिक्शनरी नव्हती, विचारायला जवळपास कुणी नव्हतं. आग म्हटली की प्रखर असणार, असा त्यांनी अंदाज बांधला. एवढ्याशा शिदोरीवर त्या माणसानं आम्हा पन्नास-साठ पोरांना इंग्रजीच्या वाटेला लावलं आणि भाकरीला लावलं. त्यांच्या चुका काढायची माझी लायकी नाही, आणि तसा हेतूही नाही. दोष माझा आहे. माझ्याकडे डिक्शनरी होती, चांगली मोठी, लग्नात मित्रांनी वर्गणी काढून दिलेली. ती कपाटावर असायची. वहीत नसलेला शब्द आला तरच ती खाली उतरायची. वहीत असलेला शब्द कशाला बघायचा? तो तर गुरुजींनी सांगितलेला होता.

आता माझ्या स्वभावाबद्दल चार शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. माझी जीभ तिखट होती. चुकलेल्या पोराला मी छडी कधी मारली नाही, त्याची मला फार घमेंड होती, पण त्याला उभं करून असं काही बोलायचो की सगळा वर्ग हसून लोळायचा. माझ्या तासाला गर्दी व्हायची. पोरं इंग्रजीसाठी येतात असा माझा समज होता. दुसऱ्याची फजिती बघायला येतात आणि आज आपली पाळी नसावी असं मनात म्हणत बसतात, हे मला फार उशिरा समजलं.

ती मुलगी त्या वर्गात वेगळी दिसायची. दुसऱ्या बाकावर बसायची, दुपट्टा डोक्यावर घट्ट, फारसं बोलायची नाही, पण मी फळ्यावर लिहिलेलं तिच्या वहीत उतरायच्या आधी तिच्या डोळ्यांत उतरलेलं दिसायचं. घरी दखनी बोलायची, वर्गात मराठी, आणि तिचं इंग्रजी ह्या दोन्हींपेक्षा नीटनेटकं होतं. दिवाळीनंतर एकदा ती स्टाफरूमच्या दाराशी आली. औरंगाबादला तिची खाला, म्हणजे मावशी, राहते, तिच्याकडे राहून इंग्रजी घेऊन बी. ए. करावं असं तिच्या मनात होतं. घरचे नाही म्हणत नव्हते. अब्बांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्याला इंग्रजीतलं काही कळत नाही, तेव्हा तुझे सर काय म्हणतात ते बघू. मी तिला म्हटलं, आधी पूर्वपरीक्षेचा पेपर तर लिही, मग बोलू. म्हणजे माझ्या शब्दावर त्या घरात काहीतरी ठरणार आहे, हे मला चांगलं माहीत होतं.

पूर्वपरीक्षेत मी एक प्रश्न घातला होता, दिलेले शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा. त्यात लॅम्बंट होता, कारण धड्यात तो एकदा आलेला होता आणि पोरांना घोळात पाडायला तो मला बरा वाटला होता. ऐंशी पोरांनी प्रखर अर्थानं वाक्यं केली. कुणाचा सूर्य लॅम्बंट, कुणाचा ट्रॅक्टरचा दिवा लॅम्बंट. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, माझे वडील लॅम्बंट आग ठेवतात, ती भांड्याला चाटते, चावत नाही.

मी लाल पेनानं त्यावर फुली मारली आणि शेजारी लिहिलं, चूक, वही बघ.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पेपर वाटायच्या दिवशी मला चेव आला. मी तिला उभं केलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. म्हणालो, ही आग आहे का शेळी? चाटते म्हणे. वर्ग हसला. ती हळूच म्हणाली, सर, डिक्शनरीत तसंच आहे. कुठल्या डिक्शनरीत, म्हटलं. ती म्हणाली, भावाच्या मोबाइलवर बघितलं. मग तर मला मोकळं रानच मिळालं. मोबाइलमध्ये सगळं असतं, फक्त इंग्रजी नसतं, असं काहीतरी मी बोललो आणि वर्गाला विचारलं, वहीत काय आहे? सगळे एका सुरात ओरडले, प्रखर. मी तिच्याकडून तो अर्थ तीनदा म्हणवून घेतला. पहिल्यांदा नीट म्हणाली, दुसऱ्यांदा खाली बघून, तिसऱ्यांदा ओठ हलले पण आवाज आला नाही. मी म्हटलं, बस. आणि पुढचा पेपर उचलला.

दुसऱ्या दिवसापासून ती शेवटच्या बाकावर बसू लागली. उजळणीचे तास चालू होते, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. ती पुस्तक उघडायची नाही, नुसती बसून असायची. मला वाटलं, रुसली असेल, दोन दिवसांत येईल ठिकाणावर.

त्याच आठवड्यात बायकोनं माझ्या हातात दोन पितळी पातेली आणि एक मोठा डबा दिला. तिला आमटी पितळेतच लागते. स्टीलच्या भांड्यातली आमटी म्हणजे तिच्या मते आजाऱ्याचं जेवण. आतली कल्हई पार उडून गेली होती. धान्याच्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत एक कल्हईवाले अजून आहेत, तेवढं करून आणा, म्हणाली. शनिवारी सकाळचं कॉलेज सुटल्यावर मी पिशवी घेऊन गेलो.

दुकान म्हणजे पत्र्याची पडवी. जमिनीत खणलेली भट्टी, तिला हवा द्यायला पूर्वी भाता असायचा, आता विजेचा छोटा पंखा आणि त्याला बटण. पांढऱ्या दाढीचे, बारीक अंगाचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून उभे राहिले. म्हणाले, आवो सर, बसा. तुमी आमच्या पोरीला शिकवता. मी स्टुलावर बसलो तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी कुणाच्या दारात आलो आहे.

त्यांनी लगेच पातेलं हातात घेतलं. आधी आतून वाळूनं आणि कसल्याशा पाण्यानं घासलं, मग सांडशीत धरून भट्टीवर फिरवायला लागले. मी म्हटलं, आग जरा मोठी करा, लवकर होईल. मला घरी जायची घाई होती, दुसरं काय. ते हसले. म्हणाले, "न्हाई सर. आग भांड्याला चाटली पायजे, चावली न्हाई पायजे. चावली का कथील जळतंय, पिवळं पडतंय. मग वरून कितीबी घासा."

एवढं बोलून ते कामाला लागले. त्यांना वाटलं, त्यांनी मला कल्हईतलं सांगितलं. मी मात्र स्टुलावर बसल्या जागी गार पडलो.

मग मी पाहिलं. आयुष्यात शंभरदा कल्हई होताना पाहिली असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. निखाऱ्यातून निघालेल्या लहान लहान जिभा पातेल्याच्या पोटाला लागायच्या, सरकायच्या, कडेपर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या. कुठंही एका जागी थांबत नव्हत्या. त्यांनी नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर झाला, कथलाची कांडी आतून नुसती टेकवली आणि कापसाचा बोळा फिरवला. बोळ्याच्या मागोमाग उजेड पळत गेला. काळ्या पातेल्यात एका बाजूनं पांढरा उजेड निघाला आणि बुडावरून सरकत सरकत सगळीकडं पोचला. त्याला प्रखर म्हणता आलं नसतं. डोळे दिपण्याचा तर प्रश्नच नव्हता, उलट बघत राहावंसं वाटत होतं.

ते आणि मग दुसरं पातेलं पाण्यात बुडवून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. मग हात पुसत, सहज बोलावं तसं म्हणाले, पोरगी औरंगाबादला जायचं न्हाई म्हणती. तिच्या खालानं खोली आवरून ठेवली, मी फॉर्मची चौकशी करून आलो, आन आता ही म्हणती, अब्बा, मला इंग्रजी येत न्हाई, मी इथंच कायतरी करते. कावून म्हणती ते सांगत न्हाई. मग त्यांनी माझ्याकडं सरळ बघून विचारलं, खरंच कच्चं हाय का तिचं इंग्रजी? तुमी म्हणत असाल तर मी पोरीला जास्त न्हाई बोलणार.

तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. वर्गात तिचं काय झालं, कुणी केलं, काहीच नाही. मला तेवढं कळलं. मी बघतो, बोलतो, असं काहीतरी पुटपुटलो आणि भांडी घेऊन निघालो. डबा तिथंच विसरलो.

घरी येऊन कपाटावरची डिक्शनरी काढली. धूळ एवढी होती की बायकोनं आधी फडकं हातात दिलं. लॅम्बंट सापडला. अर्थ दिला होता, ज्वाळा किंवा उजेड याबद्दल, जो पृष्ठभागावर हलकेच खेळतो, सरकतो, आणि जाळत नाही. खाली बारीक अक्षरात शब्दाचं कूळ दिलं होतं. लॅटिन भाषेतल्या एका क्रियापदापासून तो आला आहे, आणि त्या क्रियापदाचा अर्थ आहे चाटणे.

मी ते तीन वेळा वाचलं. वर्गात जेवढ्या वेळा वदवून घेतलं होतं तेवढ्या वेळा. माजलगावच्या मोंढ्यामागचा माणूस पत्र्याखाली बसून जे रोज म्हणतो, ते दोन हजार वर्षांपूर्वी रोमकडच्या लोकांनाही तसंच दिसलं होतं, आणि मी त्याला शेळी म्हणालो होतो.

त्या संध्याकाळी मी घरात होती नव्हती ती सगळी इंग्रजी पुस्तकं खाली काढून बसलो. एवढा चुकीचा असेन तर निदान किती, ते तरी बघावं. शब्द फार ठिकाणी सापडला नाही, पण सापडला तिथं प्रत्येक ठिकाणी वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या पेन्सिलीनं समासात प्रखर लिहिलेलं होतं. वाक्य पुन्हा वाचलं की ते प्रखर हास्यास्पद वाटायचं. जुन्या लेखकांनी हा शब्द आधी ज्वाळेला लावला. मग चांदण्याला लावला, तळ्याच्या पाण्यावर हलणाऱ्या. आपल्या धरणाच्या पाण्यावर उन्हं कलल्यावर दिसतो तसला उजेड. प्रखर चांदणं कुठं असतं का? मग तो डोळ्यांना लावला, एखाद्या माणसाच्या नजरेत ओलावा आणि हसू एकदम हलतं तेव्हा. एका ठिकाणी तर म्हातारीच्या चेहऱ्याला लावलेला होता, आणि मी तिला समासात प्रखर म्हातारी करून ठेवलं होतं. बायकोला वाचून दाखवलं तर ती पदराआड हसत राहिली.

सगळ्यात शेवटी डिक्शनरीतला तिसरा अर्थ वाचला. बोलण्याबद्दल, विनोदाबद्दल. जो विनोद उजेड पाडतो आणि चटका देत नाही, त्यालाही इंग्रजीत लॅम्बंट म्हणतात. ते वाचून मी पुस्तक मिटलं. बायकोनं विचारलं, काय लिहिलंय? मी तिला सगळं सांगितलं, पेपरापासून विसरलेल्या डब्यापर्यंत. तिनं डिक्शनरीवरची उरलेली धूळ पुसली. मग म्हणाली, पोरीला शेळी म्हणालात? मी म्हटलं, पोरीला नाही, आगीला. ती म्हणाली, पोरीलाच लागलं ना. आणि उठून आत गेली.

माणूस किती चतुर असतो बघा. मला चूक कबूल करायची होती, पण ती जिथं फार कुणी ऐकणार नाही अशा जागी. रविवारी सकाळी डबा आणायच्या निमित्तानं मी कल्हईवाल्यांकडे गेलो आणि त्यांना एकट्याला सगळं सांगितलं. मुलीनं लिहिलेलं बरोबर होतं, मी चुकलो, तिचं इंग्रजी माझ्या वर्गात सगळ्यांत चांगलं आहे, तिला बिनघोर पाठवा, माझा शब्द आहे. बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं. वाटलं, निस्तरलं.

ते रागावतील ह्याची माझी तयारी होती. मी त्यांच्या जागी असतो तर भट्टीवरची सांडशी उगारली असती. त्यांनी आधी समोरच्या टपरीवर दोन बोटं दाखवून चहा सांगितला. मग डबा उलटासुलटा करून बघत म्हणाले, "मला सांगून काय उपेग सर? मी तर कवाचा पाठवायला बसलोय. जिथं उभं केलं तिथंच सांगा. इथं सांगितलं ते ह्या डब्यानं ऐकलं, आन तो काय औरंगाबादला चाललेला न्हाई."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. त्या माणसाला माझं माप माझ्या पदरात घालायचा पुरा हक्क होता, आणि त्यानं ते घातलंही, पण असं की मला ते घ्यावंसं वाटलं. आदल्या संध्याकाळी वाचलेला तिसरा अर्थ माझ्यासमोर मांडी घालून बसला होता आणि चहा फुंकून पीत होता. मी पुस्तकं वाचत म्हातारा होत आलो तरी मला असं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. त्या चहाबद्दल आणि त्या बोलण्याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. त्या वेळी सुचलं नाही. पुढं सुचलं तोवर ते राहिले नव्हते, म्हणून इथं मानतो.

मुलीचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाला ताटकळत ठेवत नाही. ती गेली. बी. ए. केलं, एम. ए. केलं, आज एका मोठ्या गावात इंग्रजी शिकवते आणि ईदला न चुकता फोन करते. पण ती जाणार, हे मला फॉर्मवरून कळलं नाही की निकालावरूनही नाही. ते सोमवारी सकाळी पहिल्या तासाला कळलं, आणि ती सकाळच मला खरं म्हणजे सांगायची आहे.

सोमवारी वर्गावर गेलो. वीस वर्षांत मी त्या फळ्यासमोर मी चुकलो असं एकदाही म्हटलं नव्हतं. मास्तरनं चूक कबूल केली की पोरं डोक्यावर बसतात, असं आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांना सांगायचो. ती शेवटच्या बाकावर होती, पुस्तक मिटलेलं. मी हजेरी घेतली नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लॅम्बंट लिहिलं आणि वळून म्हणालो, हा शब्द मी तुम्हाला चुकीचा शिकवला. तुमच्या आधीच्या वीस वर्गांनाही चुकीचा शिकवला. ह्या वर्गात एकीनं तो बरोबर लिहिला होता, तिला मी खोटं पाडलं आणि तुम्हाला हसायला लावलं. त्याबद्दल मी तिची माफी मागतो. तिच्या पेपरावरची फुली मी खोडली आहे.

कुणी डोक्यावर बसलं नाही. मी तिच्याकडं बघितलं. ती खालीच बघत होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, झालं, उशीर झाला. काहीतरी बोलत राहावं म्हणून मी फळ्याकडं वळलो आणि म्हणालो, तर ह्याचा खरा अर्थ असा, सौम्य. आणि फळ्यावर सौम्य लिहायला लागलो.

मागून आवाज आला. "सर, सौम्य न्हाई."

ती उभी राहिली होती. कुणी उभं केलं नव्हतं. दुपट्टा सावरत म्हणाली, "सौम्य आगीत कथील वितळतच न्हाई. आग लई गरम असती, सर. फक्त ती एका जागी बसत न्हाई, फिरत राहती. म्हणून जाळत न्हाई."

मी माझ्या डिक्शनरीतला अर्थ आठवून पाहिला. तिथं हलकेच लिहिलं होतं, खेळतो लिहिलं होतं, जाळत नाही लिहिलं होतं. का जाळत नाही, ते लिहिलेलं नव्हतं. एका शब्दावरून मी त्या सकाळी दुसऱ्यांदा चुकलो होतो, माफी मागून दोन मिनिटं झाली नव्हती तोच, आणि तीच मुलगी भर वर्गात मला ते सांगत होती. मला राग यायला हवा होता. माझ्या नाकावर तो कायम तयार असायचा. त्या दिवशी तो आला नाही. मला एवढा आनंद झाला की काय करावं ते सुचेना. मी खडू तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, मग तूच सांग. आणि पहिल्या बाकावरच्या पोरांना सरकायला सांगून त्यांच्यात जाऊन बसलो.

ती फळ्याशी आली. तिनं फळ्यावर एक पातेलं काढलं, खाली भट्टी काढली, आणि बापाचं सगळं काम पायरीपायरीनं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. माझ्या शेजारच्या पोरानं वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. तिनं आमच्याकडं बघून विचारलं, आता लॅम्बंट म्हणजे काय? मधल्या रांगेतलं एक दांडगं पोर सवयीनं उठून ओरडलं, प्रखर. सगळा वर्ग हसला. तो बिचारा लालबुंद झाला आणि माझ्याकडं बघायला लागला, कारण अशा वेळी माझ्याकडून काय येतं ते त्याला माहीत होतं.

ती हसली नाही. त्याच्याकडं बघून म्हणाली, "अर्धं बरोबर हाय. गरम तर असतीच."

तो पोरगा खाली बसला आणि त्यानंही वही काढली. मी पहिल्या बाकावर बसून होतो. वीस वर्षांत चुकलेल्या एकाही पोराला मी अर्धं बरोबर म्हटलं नव्हतं.